147 रुपयांची कपात आणि आडवी अक्कलदाढ

पत्र : मी 24 वर्षांची, राजारामपुरीत राहते. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत स्टोअरला कामाला आहे, पगार 19,500. डावीकडची खालची अक्कलदाढ या वर्षात दोनदा सुजली, तोंड दोन बोटांपलीकडं उघडेना. दंतवैद्यांनी ओपीजी (सगळ्या जबड्याचा एक्स-रे) काढून सांगितलं, खालच्या दोन्ही दाढा आडव्या आहेत, दोन्ही काढून टाका. एकीचे 8,000 म्हणजे 16,000. पीएफ आणि 147 रुपयांची आणखी कुठलीशी कपात जाऊन हातात जे येतं त्यात हे बसत नाही. मोबाइलवर 'दातांचा प्लॅन, वेटिंग पिरियड नाही, वर्षाला फक्त 1,999, सर्व उपचारांवर 20 टक्के लाभ' अशी जाहिरात सारखी येते. भावकीतले एजंट काका म्हणतात, नवी हेल्थ पॉलिसी घे, महिन्यानं दाढ काढ, डॉक्टरांकडनं तारीख पुढची लिहून घेऊ. बाबांची 5 लाखांची फॅमिली पॉलिसी आहे, पाचवं वर्ष चालू आहे, त्यात माझंही नाव आहे. वाट न बघता पैसे देईल असा विमा कुठला?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही ज्या कपातीला 'कुठलीशी' म्हणून सोडून दिलंय, तिथूनच सुरुवात करू. 19,500 चे 0.75 टक्के होतात 146 रुपये 25 पैसे. कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची, वर्गणी पुढच्या पूर्ण रुपयावर नेतात, म्हणजे 147. ही कपात बहुतेक ईएसआयचीच आहे. पगारपत्रकावर त्या रकमेसमोर ईएसआय किंवा ईएसआयसी असं लिहिलेलं असेल, बघून घ्या. तुमच्या 147 शिवाय मालक पगाराच्या 3.25 टक्क्यांनी 634 रुपये भरतो. दरमहा 781 रुपये तुमच्या नावानं एका आरोग्य विम्यात जमा होतायत आणि तुम्ही 1,999 चा दुसरा शोधताय!

तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. ईएसआयचा वैद्यकीय लाभ विमापात्र नोकरीत रुजू झाल्या दिवसापासून मिळतो. प्रतीक्षा काळ नाही, आधीच्या आजाराची अट नाही, दाढ नोकरीच्या आधीपासून आडवी होती का हे कुणी विचारत नाही. दातांचे उपचारही त्यात येतात. महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू होते. उद्या पगारवाढ होऊन तुम्ही 21,000 च्या पुढं गेलात तरी त्या वर्गणी कालावधीच्या अखेरीपर्यंत विमा चालू राहतो. हे कालावधी दोन : 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. पगारवाढीचं बोलणं चालू असेल तर दाढ त्याआधी उरकून घ्या.

आता हा लाभ हातात कसा पाडायचा ते. फाउंड्रीच्या टाइम ऑफिसमधून किंवा एचआरकडून तुमचा दहा आकडी विमा क्रमांक आणि ई-पहचान कार्डाची छापील प्रत मागून घ्या. कार्डावर नेमून दिलेल्या दवाखान्याचं नाव असतं. आधारकार्ड, ओपीजी आणि दंतवैद्यांची चिठ्ठी घेऊन आधी त्या दवाखान्यात जायचं, थेट रुग्णालयात नाही. तिथले डॉक्टर तपासून ईएसआय रुग्णालयाच्या दंत विभागासाठी संदर्भचिठ्ठी देतात. दाढ अवघड असेल आणि तिथं मुखशल्यचिकित्सक नसेल, तर पुढं कुठं पाठवायचं हे रुग्णालयानं ठरवायचं असतं. ती दुसरी चिठ्ठीही लेखी घ्या.

अडतं ते बहुतेक कागदांवर. आधारवर एक नाव आणि कंपनीनं भरलेलं दुसरं, जन्मतारखेत फरक, आधार जोडलेलंच नाही, किंवा नेमलेला दवाखाना जुन्या पत्त्याजवळचा. यातल्या बऱ्याच दुरुस्त्या कंपनीच्या लॉगिनवरून होतात, म्हणून एचआरच्या मागं लागावं लागतं. त्याहून वाईट प्रकार म्हणजे पगारातून कापलेले पैसे कंपनीनं भरलेलेच नसणं. विमा क्रमांकावरून ईएसआयसीच्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर दर महिन्याची वर्गणी दिसते, ती एकदा तपासा. दवाखान्यात कुणी 'दाताचं यात बसत नाही' म्हणालं तर वाद घालू नका, तसं लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की बरेचदा चिठ्ठी निघते. नाहीच निघाली तर ईएसआयसीचा टोल फ्री क्रमांक 1800 11 2526 आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे : आधी खासगीत दाढ काढायची आणि मग बिल घेऊन दवाखान्यात जायचं. तातडीची वेळ सोडली तर संदर्भचिठ्ठीशिवाय केलेल्या खासगी खर्चाची भरपाई मिळेल असं धरून चालू नका.

एजंट काकांच्या योजनेबद्दल स्पष्टच बोलायला हवं. त्यांचा 'एक महिना' हा फक्त पहिला दरवाजा आहे. नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडून कुठल्याच आजाराचा दावा चालत नाही, ते त्यांना माहीत आहे. पण त्यामागं ठरावीक आजारांची आणि शस्त्रक्रियांची यादी असते, तिला साधारण 24 महिने, नियमानं जास्तीत जास्त 36 महिने थांबावं लागतं. आणि पॉलिसी घेण्याआधीच्या 36 महिन्यांत ज्याचं निदान झालं किंवा ज्यावर उपचार सांगितले गेले तो 'आधीपासूनचा आजार'. त्यालाही 36 महिन्यांपर्यंत थांबवता येतं. तुमची दाढ सरळ या खणात पडते.

तारीख पुढची लिहून घेण्याचा सल्ला तर अजिबात मानू नका. ओपीजीच्या फिल्मवर नाव आणि तारीख छापलेली असते. सुजेच्या वेळी घेतलेल्या अँटिबायोटिकचं मेडिकल दुकानाचं बिल असतं, दंतवैद्यांच्या रजिस्टरला नोंद असते. दावा तपासणारा माणूस हेच कागद आधी मागतो. खोटं सापडलं तर दावा जातोच, शिवाय पॉलिसी रद्द होऊ शकते. सलग 60 महिने पॉलिसी चालली की जुनी माहिती लपवल्याच्या मुद्द्यावर कंपनीला दावा नाकारता येत नाही, असं संरक्षण विमा नियामकाच्या नियमांत आहे, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. 16,000 साठी पुढच्या आयुष्याच्या अर्जांवर 'पूर्वी पॉलिसी नाकारली होती का?' या रकान्यात 'हो' लिहायची पाळी आणू नका. काकांचं मन राखायला चहा पाजा, सही देऊ नका.

आणि समजा 36 महिने थांबलात, तरी? बहुतेक वैयक्तिक आरोग्य पॉलिसींमध्ये दाताचे उपचार कायमचे वगळलेले असतात, अपवाद फक्त अपघातामुळं भरती व्हावं लागलं तर. ही प्रतीक्षा नव्हे, भिंतच आहे. 'वेटिंग संपलं की मिळेल' हा समज इथंच फसतो.

आता बाबांच्या पॉलिसीकडं वळू. पाचवं वर्ष चालू आहे म्हणजे, तुमचं नाव पहिल्यापासून असेल तर, वेटिंगचा प्रश्न तुमच्यापुरता मिटला. प्रश्न उरतो शब्दांचा. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक येतं. त्यात आधी 'काय वगळलं आहे' हा भाग उघडा आणि दंत उपचारांचं वाक्य शोधा. 'अपघातामुळे आवश्यक असल्याशिवाय' असं असेल तर तुमच्या दाढेपुरता विषय संपला. 'आजार किंवा इजेमुळे आवश्यक दंत उपचार' असं असेल, जसं एप्रिल 2020 पासून सगळ्या कंपन्यांनी आणलेल्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत आहे, तर दार किलकिलं आहे. पण तिथंही दोन उंबरठे आहेत.

पहिला, डे-केअरची व्याख्या. 24 तासांच्या आत घरी सोडलं तरी चालणारी शस्त्रक्रिया ती, जिला एरवी 24 तासांहून जास्त भरती लागली असती. सामान्यतः ओपीडीत होणारा उपचार डे-केअरमध्ये धरत नाहीत, हे त्याच व्याख्येत लिहिलेलं असतं. खुर्चीवर बसवून, जागा बधिर करून, पाऊण तासात काढलेली दाढ कंपनीच्या लेखी ओपीडीच. दुसरा उंबरठा म्हणजे जागा. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान 10 खाटा, चोवीस तास परिचारिका आणि डॉक्टर, सुसज्ज शस्त्रक्रियागृह असेल तरच ते 'रुग्णालय'. कोल्हापूर शहर 2011 च्या जनगणनेला साडेपाच लाखांच्या आसपास होतं, म्हणजे इथं 10 खाटांचा निकष लागतो. डे-केअर केंद्राला खाटांची अट नाही, पण शस्त्रक्रियागृह आणि नोंदी लागतातच. व्यापारी संकुलात पहिल्या मजल्यावरचा दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना, डॉक्टर कितीही हुशार असले तरी, यात बसत नाही.

काही जण यावर शक्कल लढवतात : नर्सिंग होममध्ये एक रात्र भरती दाखवू. असे दावे 'भरती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हती' या शेऱ्यानं परत येतात आणि वर खोलीचं भाडं अंगावर पडतं. खरंच भूल देऊन रुग्णालयात करावं लागण्यासारखी कारणंही असतात : दाढेभोवती मोठी गाठ झालेली, जंतुसंसर्ग जबड्याखाली उतरलेला, किंवा हृदयविकार, रक्त पातळ करणारी औषधं असं काही. तुमच्यासारखं पत्र लिहिणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं असेल, तर मुखशल्यचिकित्सकाकडून 'भरती का हवी' याची कारणं असलेलं पत्र घ्या, ओपीजीचा अहवाल जोडा आणि शस्त्रक्रियेआधी कॅशलेस मंजुरी मागा. आधी अर्ज केला की नकारही आधी कळतो, खिसा रिकामा झाल्यावर नाही.

तुमच्या घरच्या पॉलिसीत आणखी एक गोष्ट बघा. पुष्कळ फॅमिली पॉलिसींमध्ये मुलं 25 वर्षांपर्यंत आणि आर्थिकदृष्ट्या अवलंबून असतील तरच धरतात. तुम्ही कमावत्या आहात आणि पुढच्या वर्षी 25 च्या. नूतनीकरणाच्या वेळी बाबांना त्याच कंपनीत तुमची स्वतंत्र पॉलिसी काढून द्यायला सांगा. आजवर काढलेली प्रतीक्षेची वर्षं तिकडं मोजली जातात. नाव नुसतंच गळू दिलंत तर ती वर्षं वाया जातात. दाढेशी याचा संबंध नाही, पण अपेंडिक्स किंवा अपघाताशी आहे.

1,999 ची जाहिरात. ज्या कागदावर विमा कंपनीचा इर्डाई (विमा नियामक) नोंदणी क्रमांक आणि त्या पॉलिसीचा यूआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, नाही, तो विमा नाही, सवलत कार्ड आहे. 'वेटिंग पिरियड नाही' हे खरंच आहे त्यांचं, कारण ते दावा देतच नाहीत, फक्त बिलात सूट देतात. सवलतीला कसली वाट बघायची? 'लाभ' या शब्दात सगळी मेख आहे. हिशेब करा : 8,000 च्या एका दाढेवर 20 टक्के म्हणजे 1,600, कार्ड 1,999 चं. 399 रुपये पदरचे गेले. दोन्ही दाढा काढल्या तर 3,200 वजा 1,999, वाचले 1,201, तेही तुमचे दंतवैद्य त्यांच्या यादीत असतील आणि मूळ दर आधी फुगवलेला नसेल तर. फसवणूक म्हणता येणार नाही, पण तुमच्या कामाचं नाही.

काही कंपन्या मूळ पॉलिसीला ओपीडीचं जोडकलम देतात, त्यात दातांचा खर्च थोडाफार धरलेला असतो. घेण्याआधी तीन गोष्टी विचारा : दातांसाठी वर्षाची मर्यादा किती, 'शस्त्रक्रियेनं दात काढणं' त्यात आहे की फक्त तपासणी, एक्स-रे आणि सफाई, आणि या कलमाला स्वतःचं वेटिंग आहे का. मर्यादा जोडकलमाच्या हप्त्याएवढीच असेल तर आपलेच पैसे फिरवून घेण्यासारखं आहे. पहिल्या दिवसापासून लागू होणारं संरक्षण खासगीत जवळजवळ फक्त नोकरीच्या गट विम्यात मिळतं, कारण तिथं मालक 30 दिवसांची आणि आधीच्या आजारांची अट पैसे मोजून काढून घेऊ शकतो. ज्यांचा पगार 21,000 च्या वर आहे त्यांनी आपल्या एचआरला गट पॉलिसीतलं दंत कलम दाखवायला सांगावं.

विम्याइतकाच पैशाचा दुसरा मुद्दा : दोन्ही दाढा आताच काढायला हव्यात का? डावीकडची एका वर्षात दोनदा सुजली, तोंड उघडेना झालं. दाढेवरच्या हिरडीच्या झाकणाखाली अन्न आणि जंतू अडकून हे होतं, आणि पुन्हा पुन्हा होणं हे दाढ काढायचं सर्वमान्य कारण आहे. ती काढाच. उजवीकडची मात्र कधी दुखली असं तुम्ही लिहिलेलं नाही. नुसती आडवी आहे म्हणून त्रास नसलेली दाढ काढण्याबद्दल जगभरात एकमत नाही. इंग्लंडच्या नाइस या संस्थेनं 2000 सालीच निरोगी अक्कलदाढा सरसकट काढू नयेत असं सांगितलं. दंतवैद्यांना ओपीजी समोर धरून विचारा : उजवीकडं शेजारच्या दाढेला कीड लागली आहे का? हाड झिजलंय का? गाठ आहे का? तिन्हीला 'नाही' असेल तर तिच्यावर लक्ष ठेवून थांबता येतं. खर्च तिथंच अर्धा होतो. मुळं खालच्या जबड्यातल्या नसेच्या किती जवळ आहेत हेही विचारून घ्या. फार जवळ असतील तर सीबीसीटी नावाचा त्रिमितीय एक्स-रे लागतो आणि काम मुखशल्यचिकित्सकाचं असतं. नसेला धक्का बसला तर खालचा ओठ बधिर राहू शकतो.

ईएसआयचा मार्ग कागदांत अडकलाच आणि दुखणं थांबेना, तर सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात केसपेपर काढा. हातकणंगले तालुक्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात खासगी दवाखान्यापेक्षा खर्च कमी येतो, वेळ जास्त जातो, एका फेरीत काम होत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ठरावीक यादीतल्याच शस्त्रक्रिया असतात. साध्या दाढेसाठी तिच्या भरवशावर राहू नका, पण रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला एकदा विचारायला पैसे पडत नाहीत.

सूज चालू असताना दाढ काढायचा हट्ट धरू नका, सुजलेल्या जागी बधिरतेचं इंजेक्शन नीट लागत नाही. आधी औषधानं सूज उतरवतात. मात्र ताप आला, जबड्याखाली किंवा गळ्याकडं सूज उतरली, गिळायला किंवा श्वासाला अडचण वाटली, तर चिठ्ठी-दवाखाना काही बघू नका, रात्र असो वा सुट्टी, थेट सीपीआरच्या अपघात विभागात जा. ही तातडीची वेळ आहे. ईएसआय दवाखान्याला घरच्यांनी लगेच कळवायचं आणि सगळे कागद जपून ठेवायचे.

दाढ काढल्यावर बोळा 30 ते 45 मिनिटं घट्ट चावून धरा. पहिले 24 तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही, कारण खड्ड्यातली रक्ताची गुठळी हलली की तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कानापर्यंत जाणारी ठणक सुरू होते. तंबाखू आणि मिश्रीनं हीच गत होते. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हलकी चूळ. मिसळ आणि तांबडा रस्सा आठवडाभर लांब ठेवा. पांढरा रस्सा कोमट करून, गाळून चालेल.

रजेबद्दल एक बारीक गोष्ट. ईएसआयमध्ये आजारपणात पगाराच्या 70 टक्के रोख मिळतात, पण त्याला मात्र अट आहे : आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी कालावधीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, आणि आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. दाढेसाठी तीन दिवस घरी राहिलात तर एका दिवसाचे पैसे येतील. तेवढ्यासाठी दाखल्याच्या फेऱ्या मारण्यापेक्षा किरकोळ रजा टाका. टाके साधारण सातव्या दिवशी काढतात. तेव्हाही संदर्भचिठ्ठी आणि ई-पहचान कार्ड बरोबर न्या, नाहीतर खिडकीवरून परत पाठवतील.